चकचकीत बाजूला कुंकू

।। श्री एकवीरा आई प्रसन्न ।।

काल्हेर, ता. भिवंडी
दि. २ मे २०१०

चि. उन्नतीस,

तुझ्या रूपाआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

कागद कॅलेंडरचा आहे म्हणून नाक मुरडू नकोस. मागे मार्च महिना छापलाय, ही बाजू कोरी. फेकायला जीव होत नाही. फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. घरातला फोन ह्यांच्या खिशात असतो, आणि मला विचारायचंय ते ह्यांच्या कानी जायला नको.

देवेशच्या हळदीत रक्त सांडलं, हे दादानं, तुझ्या बापानं, तुला सांगितलंच असेल. धाकट्या दिराचा एकुलता एक मुलगा, केवढी हौस होती सगळ्यांना! भाऊबंदांतला वडील माणूस नवऱ्याला पहिली हळद लावतो, हा आमचा रिवाज. तो मान ह्यांच्या चुलतभावाचा, बाळारामभावोजींचा. गोडाऊनला ट्रक जायच्या वाटेवरून वर्षभर बोलणं बंद होतं, तरी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. ते पाटापर्यंत पोचायच्या आत ह्यांनीच परातीत बोटं बुडवून देवेशच्या गालाला लावली. भावोजी सगळ्या मांडवादेखत म्हणाले की हिरामणनं वाट इकली, आज मान इकला, उद्या आयचं लुगडं पण इकंल. मग कोणी कोणाला धरलं ते कळलं नाही. खुर्च्या उडाल्या, बायका पोरांना घेऊन पळाल्या. मांडवाला वीज द्यायला आलेल्या दत्तूचा जनरेटर ज्या लोखंडी हँडलनं फिरवतात, तो हँडल उचलून कोणीतरी भावोजींचं डोकं फोडलं. परात उलटली होती, तिच्यातच ते पडले. अजून शुद्धीवर नाहीत.

माझ्या दृष्टीस काही पडलं नाही. मी आत देवापाशी दिव्यात तेल घालत होते. पोलिसांनाही तसंच लिहून दिलं. सगळे दत्तूचं नाव घेतात. हँडल त्याचा, आणि टेम्पो वाटेत लावला म्हणून भावोजींनी त्याला मागे शिवी घातली होती. त्याला आत टाकलंय.

आता खरं काम. शूटिंगवाल्याचा कॅमेरा आपल्याच पोरांनी जमिनीवर आपटला. त्यातली तळहाताएवढी डिस्क दत्तूच्या पायाशी पडली. पोलीस न्यायच्या आधी त्यानं ती बायकोच्या हातात दिली आणि सांगितलं की सगळं ह्यात हाय, जप. धम्मदिना ती घेऊन पोलिसांकडे गेली. तिथल्या प्लेअरवर 'नो डिस्क' आलं, म्हणून एकानं ती तिच्या अंगावर फेकली. मग ती माझ्या मागच्या दाराशी आली. म्हणाली की मी बुद्धाला मानते, पण वहिनी, तुम्ही तुमच्या एकवीरा आईसमोर शब्द द्या की ही लावून बघाल. मी दिला. मारणारा दत्तूच आहे हे एकदा डोळ्यांनी दिसलं की जीव स्वस्थ होईल, असंही वाटलं.

आमच्याकडेही तेच. डबा खरखरतो, पडदा निळा होतो आणि दोन शब्द. डिस्क माझ्या डोळ्यांदेखत आत गेली आणि डबा म्हणतो नाही! तू अलिबागला दिवसभर लग्नांच्या कॅसेटी जोडतेस, तर सांग काय करू ते. उत्तर शेजारच्या ठमाबाईंच्या पत्त्यावर घाल.

माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी,
रूपाआत्या

*

अलिबाग
दि. ८ मे २०१०

ती. रूपाआत्यास,

उन्नतीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मागचा मार्च महिनाही वाचून काढला. तेरा तारखेला दूध आलं नव्हतं आणि सव्वीसला गॅस बदलला, हे कळून आनंद झाला.

कॅसेटींचे दिवस गेले गं, आता डिस्कच जोडते. रोज एकतरी गिऱ्हाईक भांडत येतं की लग्न लागलं पण डिस्क लागत नाही. म्हणून क्रमानं कर. आधी घरातली एखादी विकतची डिस्क लाव. ती लागली तर प्लेअर चांगला आहे. मग ही डिस्क चकचकीत बाजू वर करून उजेडात तिरकी धर. भोकापासून बाहेर काळपट कडं दिसेल. कडं आहे तर चित्र आहे, ते जेवढं रुंद तेवढं शूटिंग.

कडं असूनही लागत नसेल, तर माझा संशय वेगळाच आहे. असल्या छोट्या डिस्कवर कॅमेरा थेट लिहितो, आणि काम संपलं की त्याच कॅमेऱ्यात ती बंद करावी लागते. फायनलाइज म्हणतात त्याला. पत्र चार पानी लिहिलं पण पाकिटावर पत्ता घातला नाही, तर पोस्टमन काय करील? पत्र आहे, पण त्याच्या लेखी नाही. तुमचा शूटिंगवाला डिस्क बंद करायच्या आधीच कॅमेरा फुटला. म्हणून दोन्ही डबे नो डिस्क म्हणतात. खोटं नाही बोलत बिचारे.

आणि एक. तू तिला कुंकू लावलं नाहीस ना? माझ्या नव्या मोबाईलला लावलं होतंस, पाचाचं बटण अजून चिकटतं.

सार्थकदादाला तीनदा फोन केला, लागत नाही. आतेभाऊ म्हणून नुसता मिरवतो. कसा आहे तो?

तुझ्या मायेची सवय लागलेली,
उन्नती

*

।। श्री एकवीरा आई प्रसन्न ।।

काल्हेर
दि. १४ मे २०१०

चि. उन्नतीस,

आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

आरत्यांची डिस्क लागली, म्हणजे डबा ठीक. कडं आहे, बोटाच्या पेराहून कमी. आणि हो, लावलं होतं कुंकू. नवी वस्तू घरात आली की देवापुढे ठेवून हळदकुंकू लावायचं, हे मला आईनं शिकवलं आणि तुझ्या बापालाही. चकचकीत तेच तोंड असणार असं वाटलं, तिथे बोट टेकवलं. मग लागेना, तेव्हा ओल्या पदरानं पुसलं.

बाळारामभावोजी मंगळवारी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. अग्नी देऊन त्यांचे मुलगे थेट टेमघरला दत्तूच्या दारात गेले. जनरेटरवर डिझेल ओतून पेटवला. धम्मदिना विझवायला धावली, तिला केसांनी ओढून सायकलच्या चेनीनं मारलं. काल माझ्या स्वयंपाकघरात तिनं पाठ उघडी करून दाखवली. वळ मोजवेनात, एकात एक गेलेत. मी हळद लावायला वाटी घेतली. ती म्हणाली की वहिनी, नको, हळदीचा वासच नको. दत्तूवर आता खुनाचं कलम लागलं. त्याचे तळपाय इतके सुजलेत की भेटीला तो सरपटत येतो. कबूल हो म्हणून मारतात.

ह्यांना डिस्कचा वास लागला कसा, देव जाणे. समोर बसून मागितली. ह्यांनी ती पाहिलेली नाही, म्हणून मी हळदीकुंकवाच्या गाण्यांची जुनी डिस्क दिली. ह्यांनी ती सांडशीत धरून मोडली आणि तुकडे कशेळीच्या खाडीत टाकून आले. चालत नाही त्या डिस्कला एवढं भ्यायचं कशाला, एवढंच मी विचारलं. आमटीसकट ताट अंगावर आलं. कपाळाला दोन टाके पडलेत. सासूबाई म्हणतात की माझ्या, धोंडूबाईच्या घरात सुनेनं ताटाखेरीज कशाचं तोंड बघायचं न्हाय, तू डिस्क बघतेस.

सार्थक वसईला मावशीकडे हवापालटाला गेलाय. कसा आहे विचारलंस. जेवतो, असं मावशी सांगते.

ठमाबाई मुलीकडे अलिबागला निघाल्यात. त्यांच्या तांदळाच्या डब्यात मूळ डिस्क पाठवते. तुझ्याच हातात घ्यायची.

त्यातलं चित्र काढून दे. मोठं काम सांगते, राग मानू नकोस.

तुझी,
रूपाआत्या

*

अलिबाग
दि. २२ मे २०१०

ती. रूपाआत्यास,

सा. न. वि. वि.

ठमाबाईंनी तांदूळही दिले आणि डिस्कही. तांदळाचा भात केला, चांगला मोकळा झाला.

आधी कामाचं. कुंकवाचा दोष अगदी थोडा होता, साबणाच्या थेंबानं गेलं. डिस्क मधून बाहेर सरळ पुसायची असते. तुझ्या डिस्कवर गोल गोल ओरखडे आहेत, आणि ते पदराचे नाहीत, आत्या. घासणीचे आहेत. भांडी घासून माझेही हात झिजलेत, मला ते ओळखू येतात. मी काही विचारत नाही.

टूथपेस्टनं दोन दिवस ते हलक्या हातानं घासून उतरवले. डिस्क बंद केलेली नव्हतीच, माझा अंदाज बरोबर निघाला. आमच्या कम्प्युटरला एक जुना ड्राइव्ह आहे, तो पत्ता नसलेली पत्रंही उघडतो. एकोणीस मिनिटं निघाली. ती नव्या मोठ्या डिस्कवर अगदी सावकाश लिहिली, म्हणजे जुन्या डब्यालाही वाचता येतील. शेवटी बंद केली. आमच्या तीन वेगवेगळ्या प्लेअरवर लावून पाहिली. लागते.

म्हणजे मी ती तीनदा पाहिली, आत्या. दुसऱ्यांदा आवाज बंद केला, तरी ऐकू येत होतं.

काय आहे ते लिहीत नाही. सार्थकदादाला मी सात वर्षांची असल्यापासून राखी बांधते, यंदाचीही आणून ठेवलीय. जुनी-नवी दोन्ही डिस्क ठमाबाईंबरोबर पाठवतेय. माझ्याकडे एकही प्रत ठेवली नाही, कम्प्युटरवरूनही पुसली. ठेवली असती तर काय करायचं ते मीच ठरवून टाकलं असतं. आधी एकटीनं बघ. शेवटच्या चार मिनिटांत उजव्या कोपऱ्यात बघ.

तू मला जवळ घेतेस तशी घेशील ना अजून?

उन्नती

*

।। श्री एकवीरा आई प्रसन्न ।।

काल्हेर, ठमाबाईंचं घर
दि. ६ जून २०१०

चि. उन्नतीस,

आशीर्वाद. जवळही घेते, एका हातानं. वि. वि.

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. मी सांगते आहे आणि धम्मदिना लिहिते आहे. माझ्यापेक्षा वळणदार लिहिते, फक्त कागद जास्त खाते.

भावोजींच्या तेराव्याला सगळे गेले तेव्हा भर दुपारी मी डिस्क लावली. लागली. सार्थक जनरेटरकडे धावतो, हँडल काढतो. दत्तू त्याच्या कमरेला मिठी मारून अडवतो. सार्थक कोपर मारून त्याचं तोंड फोडतो आणि सुटतो. भावोजी गुडघ्यावर बसलेले, हात वर केलेले. पहिला घाव हातावर बसतो, बोटं लोंबतात. मग डोक्यात. मी हिशेब ठेवणारी बाई, मोजल्याशिवाय राहवत नाही. पाच. भावोजी दुसऱ्यालाच आडवे झाले होते. बाकीचे तीन पडलेल्या माणसावर.

उजव्या कोपऱ्यात हिरव्या नऊवारीत एक बाई आहे, हातात ओवाळायचं ताट. दहा हातांवर. ती ओरडत नाही की धावत नाही. तिसऱ्या घावाला ती ताटातल्या दिव्याला ज्योत विझू नये म्हणून हात आडवा धरते. पाचव्याला वळून आत जाते.

मी आत होते हे मी पोलिसांना लिहून दिलं, तुला लिहिलं, देवीलाही सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की तेल घालतानाचा वाससुद्धा आठवायचा. कुंकू मी श्रद्धेनंच लावलं. घासणी कशाला घेतली, ते तुला कळलं आणि तू विचारलं नाहीस. तेवढ्यासाठी तुझे उपकार.

दुसऱ्या दिवशी धम्मदिनाला आणि दत्तूच्या वकिलांना घेऊन मी पोलिसांकडे गेले. ज्या डब्यानं नो डिस्क म्हटलं होतं, त्याच डब्यात लावायला लावली. आधीचं लिहून दिलेलं खोटं होतं, हे सांगून नवं लिहून दिलं.

घरी आले तर सार्थक वसईहून आलेला. दुसरी डिस्क कुठेय विचारू लागला. मूळ डिस्कही पोलिसांकडेच दिली, असं म्हटल्यावर त्यानं माझा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार लोटलं. दोनदा. दुसऱ्यांदा त्याचे डोळे बघितले, ते कॅमेऱ्यातलेच होते. मनगट मोडलं. हे उंबऱ्यात उभे होते, आत वळले. त्या वळण्याला मी नावं ठेवू शकत नाही. त्याच संध्याकाळी सार्थकला धरून नेलं. हाताचंही लिहून घे, असं मी धम्मदिनाला सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, खरंच लिहू का.

आता ठमाबाईंकडे राहते. देवीचा फोटो घेऊन आले. दत्तू सुटायला अजून एक तारीख आहे.

पोलिसांना देण्यापूर्वी नव्या डिस्कला कुंकू लावलं, तुला हसू येईल. नाव लिहायच्या बाजूला लावलं.

राखी टाकू नकोस. बांधायची की नाही, ते श्रावणात बघू. लोभ राहिला असेल तेवढा पुरे.

तुझी,
रूपाआत्या
(सही डाव्या हाताची आहे, वाकडी आली.)

ता. क. उन्नतीताई, जय भीम. हे माझं मी लिहिते, वहिनी औषध घेऊन पडल्यात. त्यांनी एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. पोलिसांकडे चित्र थांबवून साहेबांनी विचारलं की हा मुलगा कोण. गावातली चार माणसं हजर होती, सगळी खाली बघत बसली. वहिनींनी रेशनकार्डावर असतं तसं पूर्ण नाव सांगितलं, वय एकवीस सांगितलं, आणि साहेबांनी न विचारता पुढे सांगितलं की माझ्या पोटचा. मग त्या खुर्चीवरून उठल्या आणि टीव्हीच्या काचेवर पडलेली धूळ पदरानं पुसली. मधून बाहेर, सरळ.

धम्मदिना