बाबांच्या नावानं कोणीतरी पाहतंय

प्रिय बो-श्यांग,

बाबा गेल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे कागदावर.

आमच्या संस्थेनं शास्त्रज्ञांना इंटरनेटवरून लोकांशी बोलायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा मी सगळ्यात मागे बसले होते. शिकवायला कुओबाई होत्या, पूर्वी रेडिओवर बोलायच्या. मी दरडींचे आलेख उघडले की म्हणायच्या, "नदीकाठच्या माणसाला एवढंच सांग, निघायचं की राहायचं?" मी शिकले. पहिल्याच थेट प्रक्षेपणात सांगितलं, डोंगर घसरून नदी अडली आहे, वर तळं साचलंय, खालच्यांनी निघा. नदीच्या पात्रातल्या मळ्यातली पिकत आलेली कलिंगडं टाकून बाबा सगळ्यांच्या आधी निघाले. तळं हळूहळू ओसरलं, काहीच झालं नाही. मग देवळासमोर चहा पिताना म्हातारे विचारायचे, "काय रे लिन, लेक आज काय म्हणते? जेवू की पळू?" बाबा नुसते हसायचे म्हणे.

पुढच्या वर्षी तळं पुन्हा साचलं. मी तेच सांगितलं, तितक्याच स्पष्टपणे. बाबांनी ते पाहिलं, फोन खिशात टाकला आणि मळ्यात गेले, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. या वेळी तळं फुटलं. अंत्यविधीला तू सगळ्यांदेखत म्हणालास, "ताई, तू अख्ख्या तैवानशी बोललीस. बाबांना एक फोन केला असतास तर?"

आता मीच नव्या शास्त्रज्ञांना बोलायला शिकवते. पण थेट बोलायला लागले की पाहणाऱ्यांत बाबांचं नाव येतं, कलिंगड उचललेल्या त्या फोटोसकट. पहिल्यांदा आलं तेव्हा वाक्य अर्ध्यावर टाकून मी त्या फोटोकडे पाहत राहिले. शिकणाऱ्या मुलांना वाटलं, नेटवर्क गेलं. बाबांचा फोन तर पुरात गेला, सापडलाच नाही. नाव शेवटपर्यंत थांबतं, काही लिहीत नाही, निघून जातं. ते खातं तू उघडून दिलं होतंस, एवढं आठवतं. तुला विचारायचं धाडस होत नाही. पाहणारा तू नसलास तर?

आज सकाळी डोंगराची नवी चित्रं आली. तळं पुन्हा भरतंय. दुपारी मी गाडीतूनच सगळ्यांना सांगणार आहे. पण काकू म्हणाल्या, तू शहरातली नोकरी सोडून आलास, बाबांच्या नदीकाठच्या जागेवर पत्र्याचं घर बांधलंस. म्हणून आधी तुला एकट्याला सांगतेय. हे पत्र काकूंच्या हाती देतेय. पाणी येईल की नाही, मला खरंच माहीत नाही. पुलापलीकडे गाडी घेऊन थांबलेय. तू आल्याशिवाय हलणार नाही.

तुझीच,
ताई