शून्याच्या अलीकडची घंटी

१८ नोव्हेंबर, सोमवार. सौंसर

आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो, म्हणजे पुढील पिढ्यांना न्याय करता येईल. या कापसाच्या जिनिंगमध्ये माणसाला चहा गरम पिऊ देत नाहीत. पेला ओठांशी नेला की घंटी वाजते, पट्टा थांबतो आणि मॅनेजर गुणवंताभाऊ पुकारा करतात, "गुरुजी, रजिस्टर!" मग कापसातून निघालेला खिळा किंवा विळ्याचा तुकडा लिहून घ्यायला मी धावतो. परततो तोवर चहावर साय धरलेली.

बाकी आनंद आहे. पाठशाळा बंद पडली म्हणून बावन्नाव्या वर्षी इथे पत्रव्यवहार लिहायला आलो. खोली हवेशीर, मागे संत्र्याचा बगीचा.

घंटी मेटल डिटेक्टरची. पट्ट्यावरून कापूस एका चौकटीतून जातो. लोखंड असलं की घंटी होऊन पट्टा आपोआप थांबतो. चौकटीला लागूनच पुढे दातेरी रूळ आहे. तिथे लोखंड गेलं की ठिणगी, आणि ठिणगी म्हणजे सगळी जिन स्वाहा. म्हणून बायका बांगड्या-जोडवी फाटकावरच्या डब्यात काढून ठेवतात.

आज पट्टा ओलांडताना माझा पाय चौकटीजवळ गेला. एक लांब सूर, मग चार ठोके. गुडघ्यात पट्टी आणि चार स्क्रू आहेत ना! चौकटीशी काम करणाऱ्या लीलाबाई हसून लोटपोट. "बाप्पा, गुरुजी त लोखंडाचे निघाले!" मग त्यांनी आपलं डावं मनगट पुढे केलं. लांब सूर, दोन ठोके. लोधीखेड्याला बैलबंडीवरून पडल्या होत्या, तेव्हाची पट्टी आणि दोन स्क्रू. म्हणाल्या, "आपुन दोघं एकाच भट्टीतले." अडकलेली कपास त्या उजव्याच हाताने मोकळी करतात. डावा आत गेला की पट्टा थांबतो, बाकीच्या बायका ओरडतात.

२१ नोव्हेंबर

आज घंटी एकेचाळीस वेळा. निम्म्या वेळा लोखंडच नाही, नुसती ओली कपास. नागपूरचा मेकॅनिक पुढच्या महिन्यात येणार. डिटेक्टरच्या पेटीची किल्ली खिळ्याला लटकलेली.

माहितीपुस्तिकेत बजावलं आहे की आतल्या बटणांना जाणकाराशिवाय कुणी हात लावू नये. मी स्वतःला जाणकार समजलो. आत दोन बटणं, 'संवेदना' आणि 'विलंब', म्हणजे लोखंड लागल्यावर घंटी किती उशिराने वाजायची ते. पहिलं थोडं उतरवलं. दुसरं शून्यावर आणायचं होतं, ते खट्कन शून्याच्याही अलीकडे गेलं. आधीचे आकडे लिहून ठेवले नाहीत. खिळ्याखिळ्याची नोंद ठेवणारा मी! यालाच अव्यापारेषु व्यापार म्हणतात.

चहा मात्र गरम मिळाला.

२३ नोव्हेंबर

गंमत झाली. घंटी वाजली, पट्टा थांबला. शोधलं तर लोखंड नाही. पट्टा पुन्हा सुरू केला आणि मोजून दहा अंकांनी खिळा आला. पाहुण्याआधी निरोप! पण खिळा चौकटीतून जाताना घंटी गप्प, पट्टा चालूच. लीलाबाईंनी झडप घालून तो काढला. उजवा तळवा फाटला. चिंधी बांधत म्हणाल्या, "तुमची घंटी झोपली का हो?"

पेटी मी उघडली होती हे सांगणार होतो. सांगितलं नाही. नोकरीला आठवडाही झालेला नाही.

२५ नोव्हेंबर

अकराला एक ठोका. बाराला खिळा आला, घंटी गप्प. दोनला लांब सूर, तीनला विळ्याचं पातं. रजिस्टरमध्ये दोन्ही वेळा शेजारी लिहिल्या. हसू आलं नाही.

२७ नोव्हेंबर

काल वाजलेलं आज येतं आहे. मिनिटाचाही फरक नाही.

विलंबाचं बटण मागे फिरवून पाहिलं. नुसतं गरगर फिरतं, कुठे अडत नाही. घंटी बिघडली एवढंच गुणवंताभाऊंना सांगितलं. म्हणाले, फाटकापर्यंत गाड्या लागून राहिल्या, वाजली तरी पट्टा चालू करत जा.

आता घंटीकडे कुणी बघत नाही. मी बघतो.

२९ नोव्हेंबर

दुपारी ३:४०. पट्टा रिकामा. एकदम लांब सूर, खिळ्याचा नाही, पात्याचाही नाही. मग ठोके. मोजायला थांबलोच नाही. हात आपोआप गुडघ्यावर गेला.

हा सूर मी ओळखतो.

उद्या ३:४०.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळ. पट्ट्याकडे जायचं नाही असं ठरवलं. ऑफिसात बसलो आहे, पाय दुसऱ्या खुर्चीवर. मीच चौकटीत गेलो नाही तर काल जे वाजलं त्याला अर्थच उरत नाही.

लीलाबाई दारात डोकावून गेल्या. तळवा सुजला आहे, चिंधीतून पू येतो. घरी जा म्हणालो. "मंग काम कोन करन? तुमी?" असं म्हणून हसल्या.

३:१५. चहा आला. गरम. प्यायलो नाही.

३:२५. कालचे ठोके पुन्हा कानात — लांब सूर, एक, दोन — आणि मग काहीच नाही. मी चार धरून चाललो होतो. भीतीने आपलेच स्क्रू मोजले —

दोन.

लीलाबाईंचा उजवा हात सुजलेला. म्हणजे आज डाव्याने —

गुणवंताभाऊंना फोन. कुणी उचलत नाही. सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या आवाजात कुणाला ऐकू येणार —

भिंतीवरचं घड्याळ ३:३१. मोबाईलमध्ये ३:३८.

खरी काळजी लिहून ठेवतो. भुताची नाही. पेटी मी उघडली आणि नऊ दिवस कुणाला बोललो नाही. लीलाबाईंना वाटतं, डावा हात आत गेला की पट्टा थांबतो. घंटी काल वाजून गेली. आज ती वाजणार नाही, आणि चौकटीपुढेच दातेरी रूळ. पट्टा थांबणार ना—

जातो. गुडघा वळत नाही — पट्टा अजून चालूच — लीलाबाई, हात