पकडपट्ट्याचा टॅक्स

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा अठरा टक्के! टॅक्स कमी करा म्हणून तिसऱ्यांदा अर्ज केला, तिसऱ्यांदा नामंजूर. ज्या ॲपवर विकतो त्यांचं म्हणणं, माझा पकडपट्टा म्हणजे ‘घरगुती प्लास्टिक’. लसूण सोलायची नळी, भाजी चिरायचं यंत्र, आणि त्यांच्या ओळीत माझा पट्टा.

अहो, बोटं नसलेल्या हाताला बांधायचा पट्टा आहे तो. खाचेत चमचा घाला, पेन घाला, दात घासायचा ब्रश घाला. चाकणला कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर उजव्या हाताची चार बोटं गेली, तेव्हा पहिला पट्टा मी स्वतःसाठीच केला. दिव्यांगांचं साधन म्हणून याला पाच टक्के लागायला हवा. हे मला कुणी शिकवायला नको — अपघातानंतर कंपनीने डिस्पॅचला बसवलंय, दिवसभर बिलांवर टॅक्ससाठी मालाचे कोड घालण्याचंच काम करतो. पण ॲपवर आपलं काही चालत नाही. मालाचा विभाग तेच ठरवतात आणि विभागासोबत टॅक्स आपोआप चिकटतो. जीएसटी नंबर तेवढा माझा.

५ फेब्रुवारी, बुधवार

हेल्पलाइन. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग कुणी आयुष बोलला, ‘सर, तुमची अडचण मी समजू शकतो.’ कप्पाळ समजतो! ‘सर, योग्य टॅक्स लावणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे.’ मग मला दर बदलू द्या, म्हटलं. ‘सर, तो सिस्टिम ठरवते.’

जबाबदारी माझी आणि ठरवणार सिस्टिम. फोन ठेवला तोच मेसेज — आमच्या सेवेला किती तारे द्याल?

६ फेब्रुवारी

शून्य तारे देता येत नाहीत. किमान एक द्यावाच लागतो.

९ फेब्रुवारी, रविवार

शेखर आला होता. आमच्याच लाइनवर होता, त्याची दोन बोटं माझ्या वर्षभर आधी गेली. त्याच्या गावातल्या एकाला पट्टा हवाय. ‘भावा, आमी शोधून शोधून दमलो. तुझा पट्टा घावतच न्हाई त्या ॲपवर.’

घावेल कसा? लसूणसोलणीच्या खाली कोण शोधणार? ज्याला हवा त्याला दिसत नाही. धडधाकट माणसं गंमत म्हणून मागवतात आणि ‘हातात नीट बसत नाही’ असं लिहून परत पाठवतात. बसणार कसा, बोटं आडवी येतात ना. परत आलेल्या प्रत्येक नगाचं बिल पुन्हा उलटं फिरवत बसा. आणि शेखरच्या गावातला तो माणूस, काम सुटून सहा महिने झालेत त्याला, त्याने हे जास्तीचे तेरा टक्के कशासाठी भरायचे? नुसता संताप होतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून परस्पर पिंपळे गुरवला गेलो, विजयश्री मॅडमकडे. माझं जीएसटीचं रिटर्न त्याच भरतात. ॲपवाले दर विक्रीतून अर्धा टक्का कापून सरकारकडे भरतात, तो माझ्या नावावर बरोबर जमा आहे म्हणाल्या. मग त्यांनी ॲपवरचं माझं पान उघडलं. फोटो मोठा करून बघितला.

‘भिमाजी, हा हात कुणाचा?’

बायकोचा. निशिगंधाचा. बांगड्या काढायला लावून फोटो घेतला होता.

‘पाच बोटांच्या हातावर पट्टा दाखवता. मग हे दिव्यांगांचं साधन आहे, हे त्यांना कळायचं कसं?’

चहा आला होता. न घेताच उठलो.

१३ फेब्रुवारी

मॅडमवर चिडण्यात अर्थ नाही. चार वर्षांत एका फोटोत मी हा हात येऊ दिलेला नाही. पुतणीच्या लग्नात अख्खा दिवस खिशात. घरी पट्टा लावून जेवतो, पण बाहेर कडी वाजली की आधी पट्टा सोडतो आणि मग दार उघडतो. लाज वाटते. इथे तरी लिहायला काय हरकत आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

निशिगंधाला म्हटलं, फोटो काढ. ती लगेच उठली. गच्चीवर नेलं, उन्हात उभं केलं. ‘आधी तो खिशातून काढा,’ एवढंच म्हणाली. सात फोटो काढले. त्यातले दोन हललेत.

वर्णनही बदललं. ‘सर्वांसाठी उपयुक्त’ काढून टाकलं. ‘हाताची बोटं गेलेल्यांसाठी’ असं लिहिलं. ही एक ओळ लिहायला अर्धा तास लागला. मग चौथ्यांदा अर्ज टाकला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मंजूर. पाच टक्के.

४ मार्च, मंगळवार

आठ दिवसांत अकरा ऑर्डरी. नाशिक, होसूर, फरीदाबाद — कारखान्यांचीच गावं सगळी. एकही पट्टा परत आलेला नाही. शेखरच्या गावातल्या माणसालाही पोचला. निशिगंधाने शिरा केला. शेजारचे बसलेले होते, त्यांच्यासमोर पट्टा लावून खाल्ला. बरं वाटलं.

६ मार्च, गुरुवार

पहिली मोठी ऑर्डर, एका कंपनीची. चाकणचीच, प्रेसचं काम करणारी. दर महिन्याला चार नग, वर्षभर. बिलावर त्यांचा जीएसटी नंबर हवा, म्हणजे भरलेला टॅक्स त्यांना वळता करून घेता येतो. मापासाठी फोन केला. कुणाकुणाला हवेत, डावे हात की उजवे? खरेदी विभागातल्या बाई म्हणाल्या, ‘ते आत्ता कसं सांगणार? दोन-दोन पाठवा. स्टॉकला ठेवायचेत.’