घरच्या साखरेचे शेवाळ

कल्याण, श्रावण वद्य चतुर्थी

चि. मधूस अण्णांचे अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व खुशाल. तुझ्या पोटाचे कसे आहे ते कळव. (खाणावळीची आमटी सोड म्हणून तुझी ताई बजावते आहे.)

तू कॉलेजात झाडपाला शिकतोस म्हणून तुझ्यावर विसंबलो, तिथेच माझे चुकले. आमच्या सुमतीचे होणारे सासरे, ठाण्याचे हरिहरपंत, किती कडक ते तू जाणतोस. विलायती साखर हाडांच्या कोळशाने गाळतात, सबब ती खाणाऱ्या घरची मुलगी करणार नाही, असे त्यांनी कळवले. मी फुशारकीने लिहून बसलो की आम्ही साखर घरीच करतो! मग तू सांगितल्याप्रमाणे टोपलीत कच्ची तांबडी साखर पसरली. आता वर ओले शेवाळ हवे, म्हणजे त्याचे पाणी झिरपून काकवी खाली गळते नि साखर पांढरी होते. तुझी खूण अशी: पाण्याखाली वाढते, दोऱ्यासारखी काडी, पेरापेराला चार-पाच पानांचे कडे, बोटाला खरखरीत. धोतर खोचून तळ्यात उतरलो (धुणे धुणाऱ्या बायकांनी शोभा केली ती वेगळीच). पेरे होती, कडी होती, खरखर तर कानशीसारखी. भाराभर आणले.

अरे गाढवा, आधी वास घेऊन बघा, हे का नाही लिहिलेस? दुसऱ्या दिवशी घरभर लसूण! चातुर्मासात, ब्राह्मणाच्या घरी! तुझे पत्र पुन्हा काढले. खऱ्याचे पान मऊ, खरखर ती कडेच्या बारीक दात्यांची. हे तर कटकन मोडते, बोटाला चुन्यासारखी कणी लागते, आणि मी पाने समजलो त्या नुसत्या काड्या! फेकणार, तोच हरिहरपंत दारात. घरात दुसरी साखर नाही; झाली होती तेवढीच शिऱ्यात घातली. पंतांनी घास नाकाशी नेला आणि पाटावरून उठलेच. "श्रावणात लसूण? हे स्थळ आम्हांस नको." सुमती माजघरात रडू लागली, आणि खोटे कशाला सांगू, माझेही डोळे भरले. तेवढ्यात दाराआडून तुझी ताई कडाडली, "आधी ते शेवाळ हुंगा म्हणावं, मग उठा!" आणि टोपलीच पुढे ढकलली. पंतांनी हुंगले, आणि काय सांगू, गडी विरघळला! विकतच्या साखरेला असला घाण वास कुठून येणार, म्हणाले, ही घरचीच. शिरा पुन्हा मागून घेतला आणि मार्गशीर्षातला मुहूर्त धरला.

तुझा (अजूनही) मेहुणा,
अण्णा

ता. क. लग्नाची सगळी साखर आमच्या घरचीच हवी, एवढी एकच अट पंतांनी घातली आहे. टोपलीतून निघते वाटीभर. तेव्हा मुंबईहून विलायती साखरेच्या चार गोण्या पाठव. गोणपाटावरचा छाप नीट घासून काढ.

आणखी ता. क. प्रत्येक गोणीत लसणाच्या थोड्या पाकळ्या ठेचून टाक. इथे मी लसूण घेताना दिसलो तर आळीभर बोभाटा होईल.