संगीताचा पहिला डोस

२ जानेवारी
ठरलं. रविवारी नंदुरबारात बाळांसाठी शास्त्रीय मैफल. तान्ह्यापासून तीन वर्षांपर्यंत, आईवडिलांसह, मोफत. पोस्टरवर ठळक: ‘बाळाला द्या संगीताचा पहिला डोस!’ कल्पना अर्थातच माझी. सिंधू म्हणाली, तेवढा ‘डोस’ काढा. बायकोला जाहिरातीतलं काय कळतंय? गावोगावच्या आरोग्य खात्याच्या आशाताईंना निरोप पोचवायला सांगितलाय.

४ जानेवारी, दुपारी २
हॉल भरला! बावीस बाळं. मी सारंग गायलो. शेजारच्या मोकळ्या जागेत मिरची वाळत घातलेली, त्यामुळे तबल्यावरचा रतिलाल नेमका समेवर शिंकत होता. तरी रंगली.

आयांच्या हातात लसीकरणाची कार्डं होती. पाहिली मी. पण खुलासा केला असता तर हॉल रिकामा झाला असता. विलंबित चालू असताना असलं काही बोलू नये.

सुई दिसेना तशा बऱ्याच जणी चडफडत गेल्या. धनुबाई म्हणून एक शेवटपर्यंत बसली. मिरचीची देठं खुडायचा रोज बुडवून आली होती. तिने विचारलं, “डोस व्हई गया का?” म्हटलं, झाला की, भरपूर! संगीताचा, अर्थात. मग कार्ड पुढे करून म्हणाली, “सायेब, आठे सही करी द्या ना.” रसिक सही मागतातच. झोकात केली. वर ‘सस्नेह’ लिहिलं.

४ जानेवारी, सायंकाळी ६
सही बहुतेक गोवराच्या चौकटीत झाली.

६ जानेवारी
धनुबाईच्या गावी जाऊन खरं सांगायचं. नक्की. उद्या.

७ जानेवारी
गुडघा दुखतोय.

९ जानेवारी
तिच्या गावच्या आशाताईंना फोन करणार होतो. लागेल अशी भीती वाटली. केला नाही. बाळाला गोवर झाला तर? लाज वाटते स्वतःची. रियाजही जमला नाही.

१३ जानेवारी
गेलो एकदाचा. अंगणवाडीत लसीकरणच चालू होतं. सिस्टर धनुबाईचं कार्ड उलटसुलट करत विचारत होत्या, हे ‘सस्नेह’ कोण?

सगळ्यांसमोर हात वर केला. सिस्टरनी माझी सही खोडली, बाळाला टोचलं. ते आकांताने रडलं. मी हात जोडले, तर धनुबाईच माझी समजूत घालू लागली: “जाऊ द्या भाऊ, तुमले थोडंच माहीत व्हतं!”

नव्हतं ना, म्हणालो. तिला ते लगेच पटलं. चहाही पाजला.

माहीत होतं.