सासरेबुवांच्या टाकीतील अदृश्य वस्ती

सकलगुणालंकृत, जलचरवत्सल, ज्येष्ठ जामाताच्या (अर्थात माझ्या) मतांस उघडपणे कधीही आडवे न जाणारे साडूराव यांस सादर आणि सविस्तर नमस्कार.

आपली प्रकृती, आपल्या गुडघ्याची प्रकृती (ही दोन स्वतंत्र संस्थाने आहेत, हे मी जाणतो) आणि मेहुणीबाईंचा कोप, ही तिन्ही समशीतोष्ण असावीत अशी आशा करतो. इकडील क्षेम न विचारणेच श्रेयस्कर. आमच्या घरातील तीन जीवांपैकी मी खंगलो आहे, सौ. अबोल झाली आहे आणि तिसरा जीव, म्हणजे कै. सासरेबुवांचा एकाक्ष सुवर्णमत्स्य ‘कारभारी’, टाकीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून अखेरच्या घटका मोजीत आहे. तो गेला तर बाबांच्या हातून घास घेतलेला शेवटचा जीव गेला, असे सौ.चे म्हणणे. (त्यांच्या हातचा घास मीही घेतलेला आहे, परंतु मला तो टोमण्यांसह वाढलेला असल्यामुळे हिशेबात धरला जात नाही.)

या अनर्थाचे मूळ म्हणजे माझी स्वच्छताप्रियता. टाकीमागच्या फिल्टरमध्ये एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज वास्तव्य करून होता, हे आपणांस स्मरतच असेल. सासरेबुवा तो अधूनमधून बाहेर काढीत, टाकीतल्याच पाण्यात हलक्या हाताने पिळीत आणि मुलाला पाळण्यात ठेवावे तसा पुन्हा जागेवर ठेवीत. नळाचे पाणी त्यास कधी लागू दिले नाही. या विधीत मला केवळ आळस दिसला. मी स्पंज उपसला, त्यास साबणाने यथासांग स्नान घातले आणि मग पातेल्यात रटरट उकळला. बाहेर आला तो पिवळाधमक, निष्कलंक, एखाद्या शपथपत्रासारखा. पुढच्या काही दिवसांत टाकीचे पाणी दुधाळले आणि कारभारी पृष्ठभागी येऊन तोंडाची उघडझाप करू लागला.

मी मत्स्यविक्रेत्याकडे धाव घेतली. हकीकत ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

“साहेब, तो मळ नव्हता. वस्ती होती. माशाची घाण खाऊन पाणी राखणारे जिवाणू. तुम्ही अख्खं गाव उकळलंत!”

“मग नवे वसवू या,” मी औदार्याने म्हणालो.

“घरं देतो ना! हवी तेवढी. माणसं मात्र आपापली यायची, त्यांच्या सवडीनं.”

एवढे बोलून त्याने सदनिका दाखविणाऱ्या दलालाच्या थाटात माझ्यापुढे तीन प्रकारचे निवास मांडले: चिनी मातीच्या पोकळ कड्या, ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड आणि प्लास्टिकचे काटेरी गोळे. प्रत्येकाच्या अंतर्भागात जिवाणूंस किती ऐसपैस राहता येते, यावर त्याने असे रसाळ निरूपण केले की मलाच एका कडीत बिऱ्हाड करावेसे वाटू लागले. निवड करणे हा माझा स्वभाव नसल्यामुळे मी तिन्ही घेतले.

येथवरचा वृत्तांत हास्यास्पद आहे. आपण मनमुराद हसून घ्यावे. पुढे हसवेल की नाही, याची हमी देत नाही.

सकाळी फिल्टरमध्ये कड्या भरल्या, सौ. तिच्या शाळेत गेली, मी कार्यालयात. घरास कुलूप. सायंकाळी परतलो तो सर्व कड्या खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडलेल्या, ओल्या, आणि फिल्टर रिकामाच घुमतो आहे. मला वाटले, सौ. लवकर येऊन गेली असावी; तिला वाटले, मी. दुसऱ्या दिवशी दगड घातले, दोघे बरोबरच बाहेर पडलो आणि किल्ल्या माझ्याच खिशात राहिल्या. परतल्यावर दगडही कठड्यावर, आणि त्यांतला एक फोडून आत डोकावून पाहिलेला. काटेरी गोळ्यांना तर कठड्याचाही मान मिळाला नाही. ते थेट कचऱ्याच्या डब्यात सापडले. (ही नापसंतीची चढती श्रेणी मला परिचित वाटली. माझ्या विवाहप्रस्तावासही सासरेबुवांनी तीनदा नकार दिला होता, आणि तिसऱ्या खेपेस माझे छायाचित्रही कुठे गेले ते कुणास सांगता आले नव्हते.)

मग परवा दुपारी, लख्ख उजेडात, काचेवर हात दिसला. आपण म्हणाल, काचेवर हाताचे ठसे उमटतातच. उमटतात, पण बाहेरून. हा आतून होता. काचेच्या आतल्या बाजूस जो बुळबुळीत थर साचतो, तो पाच बोटांनी पुसलेला, आणि करंगळी आत वळलेली. ती करंगळी कोणाची, हे मी लिहिण्याचे कारण नाही. आपल्या पाठीवर तिची थाप माझ्याहून अधिक वेळा पडली आहे. मी दाराशीच थांबलो. सौ. मात्र शांतपणे पुढे झाली आणि तिने बाहेरून त्या ठशावर आपला तळवा टेकला.

“बाबा, ह्यांना नाही हो यातलं कळत. तुम्हीच बघा आता.”

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. टाकीशी मात्र भरपूर बोलते. कारभाऱ्याला काय द्यावे, पाणी किती बदलावे, सारे तिकडेच विचारले जाते. मला त्या प्रश्नांचे भय नाही. भय वाटते ते मधल्या विरामांचे. ती बरोबर तेवढीच थांबते, जेवढा वेळ उत्तर द्यायला लागावा. मग मान डोलावते, आणि त्याबरहुकूम कामाला लागते.

मेहुणीबाईंस यातले काही कळवू नये. त्या लगेच येतील, आणि सांप्रत आमच्या घरात जागा किती उरली आहे याची मला खात्री नाही.

आपला विनम्र, भयग्रस्त, तथापि ज्येष्ठ,
साडू

ता. क. पत्राचे खरे प्रयोजन वर राहूनच गेले. तुमची टाकी प्रथम लावली तेव्हा सासरेबुवांनी स्वतःच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज कात्रीने कापून तुम्हांस दिला होता. त्या गावाचे वंशज जिवंत आहेत ते आता केवळ तुमच्याकडे. तरी त्यातील एक तुकडा, न धुता, न पिळता, टाकीच्याच पाण्यात बुडवून, मिळेल त्या पहिल्या गाडीने घेऊन यावे. कारभारी कालपासून आडवा झाला आहे. तो गेल्यास सौ. मला क्षमा करील, आणि तिची ती क्षमा मला सोसवणार नाही.

ता. ता. क. वरील विनंती रद्द समजावी. पाकीट बंद करण्यापूर्वी सहज फिल्टर उघडला, तो आत काळ्या, बुळबुळीत स्पंजाचा एक तुकडा व्यवस्थित बसविलेला, कडा ताज्या कापलेल्या. तेवढ्यात मेहुणीबाईंचा सौ.ला फोन आला की तुमच्या स्पंजाचा कोपरा कोणीतरी कापून नेला आणि घरभर पाण्याचे थेंब आहेत. आपल्या गावाहून येथवर गाडीनेही पुरता दिवस लागतो, हे आपण जाणताच. कारभारी उभा राहिला आहे. आताच त्याने दोन दाणे खाल्ले. सौ.ही माझ्याशी बोलली. म्हणाली, “अहो, जरा सरका, वाटेत उभे आहात.” खोलीत आम्ही दोघेच होतो. मी सरकलो. तिने टाकीशेजारी एक कोरडा टॉवेल घडी करून ठेवला आणि चहा करायला गेली. हे लिहिता लिहिता मी त्या टॉवेलास हात लावून पाहिला. ओला आहे.