समई पुढे, आत्या मागे

कुंभकोणम्, ६ मार्च १९३४

चि. शामसुंदर यास आत्याचे आशीर्वाद.

काल सोमवारी, ५ मार्च रोजी, सकाळी साडेसहा वाजता मी कावेरीवर स्नानाला गेले असताना तू माझ्या खोलीतली नाचियार्कोविलची समई उचलून तंजावरला नेलीस. वेळ गंगाबाईंनी सांगितली. त्यांचं घड्याळ चुकत नाही.

घर बदलताना दिवा आधी जातो, माणूस मागून, हे मलाही ठाऊक आहे. पण दिवा नेला म्हणून मागोमाग चालत येणारी गाय मी नव्हे. तीस वर्षं मुलींना शिकवून निवृत्त झाले आहे. मुकुंदरावांनी हे घर आमच्यासारख्या वयस्क बायकांसाठी काढलं. गंगाबाई, सीतालक्ष्मी आणि मी. खोल्या तीन, चूल एक. आता ते म्हणतात, भाच्यानेच दिवा हलवला म्हणजे खोली सुटली. दुसऱ्या एक बाई वाट पाहत आहेत. येत्या १५ तारखेपर्यंत ते थांबतील.

असं का केलंस ते कळव. सूनबाई गोमतीला आशीर्वाद, तिचा यात हात नसेल तर.

कामाक्षी

तंजावर, ९ मार्च

ती. आत्यास शामसुंदरचा कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावणार हे गोमती आधीच म्हणाली होती. पण गोविंदपुरम्‌ला भजनात पांडुरंगरावांनी चारचौघांत विचारलं, आत्याला कुठल्या छत्रात, कुठल्या धर्मशाळेत सोडलंस? माझा ताल चुकला. बाबा गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत. लोकांना काय सांगू? समोर मागितली असती तर समई तुम्ही दिली नसती. पुढची खोली रंगवून ठेवली आहे. समई गोमती रोज लावते. भांडायला तरी यावं.

आपला शामसुंदर

कुंभकोणम्, ११ मार्च

चि. शामसुंदर यास आशीर्वाद.

छत्रात वाटसरू उतरतात. इथे मी सीतालक्ष्मीला वर्तमानपत्र वाचून दाखवते, ती माझ्या तमिळ उच्चारांना हसते. गंगाबाई आमटीत मीठ जास्त घालतात. भांडायला मला इथे माणसं आहेत. तुझ्याकडे गेल्या दिवाळीत चार दिवस पाटावर बसून होते. कुणी साधी भाजी निवडू दिली नाही. मला कुणी नाही म्हणून मी इथे आले नाही. तू आहेस, हे ठाऊक असून आले. पांडुरंगरावांना एवढंच सांग.

गोमती समई लावते ना? मग ती आता तिची. म्हातारपणी तिला ती कुठे न्यावीशी वाटली तर आड येऊ नकोस. माझ्या कोनाड्यात गंगाबाईंनी पणती लावली आहे. मुकुंदराव तिला दिवा मानत नाहीत. भाच्याची सही मात्र मानतात.

माझी माया तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. खोली मात्र आहे. आत्या स्वखुशीने तिथे राहते, असं स्वहस्ते लिहून, सहीनिशी, गुरुवार १५ मार्च, सायंकाळी पाचच्या आत मुकुंदरावांकडे पोचव. तोंडी निरोप चालणार नाही.

कामाक्षी